चार एकर केर

मैत्रेयीच्या प्रोजेक्टला श्रीरंगने हात लावायचा नाही, असा ठराव खांबेट्यांच्या घरात जून महिन्यातच एकमताने पास झाला होता. संध्याने मांडला, मैत्रेयीने अनुमोदन दिलं आणि श्रीरंगने त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून तो स्वतःच्या हाताने फ्रिजवर चिकटवला. खरं म्हणजे दोघींनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

श्रीरंग तसा वाईट माणूस नव्हे. पण मूळचा पुण्याचा, आणि नोकरी अशी की गेली पंधरा वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचाच पगार मिळतोय. घरचं वळण आणि कंपनीचं ट्रेनिंग एकाच दिशेचं असलं की माणसाचं काय होतं, ते बंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या 'तरंगिणी हाइट्स'मधल्या दोनशे चाळीस फ्लॅटना नऊ वर्षांत पुरतं कळलं होतं. लिफ्टमधल्या नोटिशीवर लाल पेनने स्वल्पविराम देणारा माणूस म्हणून सगळे त्याला ओळखत.

गेल्या वर्षी, सातवीत, मैत्रेयीला पावसाचं पाणी साठवण्याचं मॉडेल करायचं होतं. श्रीरंगने त्यात मोटर घातली, सेन्सर घातला, निळे दिवे घातले. प्रदर्शनात पाहुण्या बाईंनी कौतुकाने विचारलं, हा सेन्सर कसा चालतो गं? पोरगी खरं बोलणारी. तिने भर हॉलमध्ये सांगितलं, "आस्क माय डॅड." हॉल हसला आणि त्या दिवसापासून मैत्रेयीचं नाव वर्गात 'आस्क-माय-डॅड' पडलं. बी विंगमधली सिद्धी तिच्याच वर्गात होती, त्यामुळे हे नाव शाळेची बस सुटल्यावर सुद्धा सुटायचं नाही, थेट पार्किंगपर्यंत यायचं.

आठवीत शाळेने 'इंडिपेंडंट रिसर्च प्रोजेक्ट' ठेवला. विषय आपला, प्रश्न आपले, माणसांना भेटून उत्तरं आपणच आणायची आणि सगळ्या मुलाखती रेकॉर्ड करायच्या. शेवटी आईवडिलांनी सही करून द्यायचं, की आम्ही या प्रोजेक्टला कोणतीही मदत केलेली नाही. संशय आला तर दसऱ्याच्या सुट्टीत सगळं पुन्हा. मैत्रेयीला सुट्टीचं काही वाटत नव्हतं. तिला ते नाव पुसायचं होतं, बस.

तिने विषय घेतला, 'आमच्या आवारातला कचरा : तेव्हा आणि आता'. दीड महिना ती वही घेऊन दारोदार हिंडली. नऊ घरं झाली. दहावं घर सगळ्यांत महत्त्वाचं, कारण 'तेव्हा' म्हणजे काय ते सांगणारं तेवढं एकच घर होतं. ते सकवारबाईंचं.

सकवारबाईंचं घर तरंगिणीच्या कंपाउंडला लागूनच. कौलारू, दारात फणस, मागे दोन गाई. त्यांचे पूर्वज म्हणे शहाजीराजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात बोलतात मराठीच, पण चारशे वर्षांत तिच्यात कन्नड अशी मुरली होती, की लोणच्यातलं मीठ वेगळं काढता येईल पण ती यायची नाही. श्रीरंग त्यांच्याकडून दूध घ्यायचा आणि रोज सकाळी त्याच्या जिवाची तगमग व्हायची. "अण्णा, दूध संपली," त्या म्हणायच्या. "संपलं," श्रीरंग म्हणायचा. "हौदु हौदु, संपली," असा कन्नड होकार देऊन त्या त्याला नाचणीचा लाडू द्यायच्या.

त्या आठवड्यात सकवारबाई लेकीकडे के. आर. पुरमला गेल्या होत्या. रविवारी सकाळी येणार होत्या आणि प्रोजेक्ट सोमवारी द्यायचा होता. नेमकी रविवारी मैत्रेयीची बास्केटबॉलची मॅच. तिने हिशेब केला. मॅच संपवून चारला घरी, पाचला सकवारबाई, रात्री जेवणाआधी लिहून तयार. सहा प्रश्नांचा कागद तिने फ्रिजवर ठरावाच्या शेजारी लावला आणि ती गेली.

नऊ वाजता श्रीरंग दुधाला निघाला. फ्रिजसमोर थांबला. कागद फक्त वाचायला म्हणून काढला. वाचता वाचता त्याला वाटलं, पोर दमून येणार, परत उन्हातान्हाची जाणार. सहा प्रश्न तर आहेत. विचारायचे आणि उत्तरं रेकॉर्ड करायची, यात कसली आलीय मदत, हे तर पोस्टमनचं काम. ऑगस्टमधल्या बंगळुरात ऊन कुठलं, हे त्याला कुणी विचारलं नाही, कारण संध्या आंघोळीला गेली होती.

सकवारबाई दारातच भेटल्या. ऊट म्हणजे जेवण झालं का, लेकरू कसं आहे, स्वल्प बसा, असं सगळं झालं. श्रीरंगच्या एका कानात ऑफिसचा कॉल चालू होता. रविवार असला तरी अमेरिकेतल्या कुणाला तरी झोप येत नव्हती. दुसरा कान मोकळा ठेवून त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पहिला प्रश्न वाचला. 'तुमच्या घरचा कचरा किती असतो?' आणि तिथे तो अडखळला. कचरा काय? घरात असतो तो केर, रस्त्यावर गेला की कचरा. म्हाताऱ्या माणसासमोर नीट मराठी बोलावं. त्याने मनातल्या मनात लाल पेन काढलं.

"अक्का, तुमचा केर किती असतो?"

"आमची केरे?" सकवारबाईंचा चेहरा एकदम खुलला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "चार एकर होती, अण्णा."

"होता," श्रीरंग सवयीने म्हणाला. मग आकडा डोक्यात शिरला. "चार एकर?"

"हौदु. आणि खोल म्हणशील तर एकावर एक दोन माणसं उभी बुडतील."

श्रीरंगने कॉलवरच्या अमेरिकेला म्यूट केलं. कुठे होता म्हणून विचारलं, तर सकवारबाईंनी हनुवटीने तरंगिणी हाइट्सची बारा मजली ए विंग दाखवली. तिथंच की, तुम्ही राहता तिथं. मग बिल्डर आला, दोन महिने लॉऱ्यांवर लॉऱ्या माती ओतली, बुजवून टाकली. वास यायचा का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात स्वल्प यायचा. लोक काय करायचे तिथे? अर्धं गाव तिच्यावर जगलं की, त्या म्हणाल्या. म्हसरं दिवसभर आत. आम्ही पोरं पण आत. आई काठी घेऊन यायची तेव्हा बाहेर.

"आणि भरला की काय करायचात?" श्रीरंगने विचारलं.

"भरली की? भरली की आनंदच की अण्णा. गौरीला आम्ही बायका सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण घालून तिची ओटी भरायचो. बागिना म्हणतात. गाव सगळं गोळा व्हायचं."

श्रीरंगने कागदावर लिहिलं, 'केर भरल्यावर केराची ओटी (स्थानिक प्रथा)'. जगात माणसं कशाकशाची पूजा करतात, याचं त्याला फार नवल वाटलं. लाडू न घेताच तो घरी आला आणि दूधही तिथेच राहिलं.

घरी त्याने लॅपटॉप उघडला. चार एकर गुणिले दोन पुरुष खोल. पंचावन्न हजार घनमीटर केर. ट्रकच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ सात हजार ट्रक, आणि त्यावर आपण बेडरूम, हॉल, किचन थाटून बसलोय. संध्याने केस पुसत सगळं ऐकून घेतलं.

"केराची ओटी?" ती म्हणाली. "सकवारबाई भरतील? त्या दाराबाहेर चप्पल सरळ लावून ठेवणाऱ्या बाई आहेत."

"लोकसंस्कृती आहे ती. आपल्याला नाही कळायची."

"आणि ठरावाचं काय?"

"मी प्रोजेक्टला हातसुद्धा लावलेला नाही," श्रीरंग म्हणाला. "मी फक्त डेटा आणला."

संध्या पुढे बोलणार, तेवढ्यात त्याने सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकलासुद्धा. आपल्या पायांखाली सात हजार ट्रक सडका केर आहे आणि बिल्डरने तो आपल्यापासून लपवला, असं इंग्रजीत, ठळक अक्षरांत. खाली, मुलीचं श्रेय मुलीला मिळावं म्हणून, लिहिलं, 'स्रोत : माझ्या मुलीचा इंडिपेंडंट रिसर्च प्रोजेक्ट'. बापाच्या मायेचा एवढा उमाळा त्या दिवशी आला नसता तरी चाललं असतं.

पुढचे चार तास तरंगिणी हाइट्समध्ये जे झालं ते एकेक पाहिलं तर शहाणपणाचंच होतं. तळघराच्या दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे बी-टूमध्ये, दर पावसाळ्यात पाणी झिरपायचं. आजवर चार प्लंबर येऊन चार वेगवेगळे पाइप बदलून गेले होते. आता सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की हे पाणी नसून केराचा रस आहे. मग केर सडला की गॅस होतो, हे कुणीतरी सांगितलं. गॅस आहे तिथे गाडी सुरू करायची नाही म्हणून लोकांनी गाड्या ढकलत वर आणल्या. वर जागा नव्हती म्हणून गल्लीत लावल्या. गल्ली तुंबली म्हणून आउटर रिंग रोडकडे जाणारी रांग तुंबली. ए विंगमधल्या एकांचा फ्लॅट विकायचा होता. गिऱ्हाईक लिफ्टमध्ये असतानाच त्याला मेसेज आला आणि ते त्याच लिफ्टने खाली गेलं. क्लबहाउसमधल्या योगवर्गाने त्या दिवशी दीर्घ श्वसन वगळलं.

दुपारी सेक्रेटरी हयवदन राव यांनी पाच वाजता तातडीची सभा लावली. हयवदन राव भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे पाहिले आणि स्वतःचं घर घेताना मात्र ब्रोशर पाहिलं. त्यांनी श्रीरंगला फोन करून सांगितलं, की प्रेझेंटेशन घेऊन या. श्रीरंगने बावीस स्लाइड केल्या.

मैत्रेयी चारला आली. मॅच दोन गुणांनी हरली होती आणि गुडघा फुटला होता, पण ते काहीच नव्हतं. सिद्धी तिच्याच टीममध्ये होती आणि बसमध्ये तिने सोसायटीचा ग्रुप सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. शेवटची ओळ दोनदा. 'इंडिपेंडंट' या शब्दावर सगळी बस हसली. सिद्धी म्हणाली, "आस्क-माय-डॅड, पार्ट टू." मैत्रेयी खिडकीबाहेर बघत बसली. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा आणखी राग येत होता.

घरात येऊन तिने बॅग ठेवली. श्रीरंग एकविसाव्या स्लाइडवर होता. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"बाबा, मी प्रश्न जसा लिहिला होता, तसाच विचारलास?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

"तू कचरा लिहिलं होतंस. मी केर म्हटलं. अगं, घरातला असतो तो केर आणि..."

"फोन दे," मैत्रेयी म्हणाली.

ती इअरफोन लावून बाल्कनीत जाऊन उभी राहिली. एकदा ऐकलं. परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिने कपाळावर हात मारून घेतला. मग वही उचलली, चपला घातल्या आणि मी अज्जींना माझे प्रश्न विचारून येते, एवढंच सांगून ती निघून गेली. श्रीरंग मागून म्हणाला, अगं, सगळं आहे की रेकॉर्डिंगमध्ये. संध्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तरी बाविसावी स्लाइड त्याने पुरी केलीच.

सभेला उभं राहायला जागा नव्हती. एरवी कोरमसाठी वॉचमनना बसवावं लागायचं. श्रीरंगने पडद्यावर सात हजार ट्रकांची रांग दाखवली, केराच्या रसाचा आलेख दाखवला. लोक बिल्डरला कोर्टात खेचायच्या गोष्टी करू लागले. सिद्धीची आई मधेच उठून म्हणाली, ते सगळं ठीक, पण हे संशोधन नक्की केलं कुणी, मुलीने की श्रीरंगजींनी? तेवढ्यात दार उघडून मैत्रेयी आत आली. मागे सकवारबाई. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात श्रीरंगची सकाळची दुधाची बरणी.

"अण्णा, दूध राहिली," त्यांनी भर सभेत सांगितलं. श्रीरंगच्या ओठांवर 'राहिलं' आलं होतं. माणसं बघून ते परत गेलं.

मैत्रेयीने माइक मागितला नाही. तिचा आवाज तसाच पोचत होता. तिने वही उघडली आणि आपल्या कागदावरचा पहिला प्रश्न, लिहिला होता तसा, वाचला.

"अज्जी, तुमच्या घरचा कचरा किती असतो?"

"कचरा? एक बादली. त्यातला अर्धा गाई खातात."

"आणि केरे?"

"केरे चार एकर, पुट्टी. सकाळी अण्णांना सांगितलं की सगळं."

श्रीरंगचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. नऊ वर्षं हा माणूस बेळ्ळंदूर लेकच्या कडेकडेने ऑफिसला गेला, पण त्या लेकला इथली माणसं काय म्हणतात, हे विचारायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मैत्रेयी तो शब्द शाळेच्या कन्नड पुस्तकात दुसऱ्या धड्यात शिकली होती. पण तिला सांगावं लागलंच नाही. पहिल्या रांगेत हयवदन राव ताडकन उभे राहिले होते.

"केरे?" ते म्हणाले. "केरे म्हणजे तळं. लेक."

हॉलमध्ये एकदम सुटकेचा निःश्वास उमटला. तळं होय, मग काय. केर नाही, रस नाही, गॅस नाही. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, किती रोमँटिक आहे नाही. बिल्डर 'तरंगिणी' नाव ठेवताना तरी खरं बोलला म्हणायचं. फ्लॅट विकायला काढलेल्या गृहस्थांनी गिऱ्हाइकाला फोन लावायला घेतला, की भाऊ या परत, आपलं घर म्हणजे खरंखुरं लेकसाइड आहे.

"फोन ठेवा," हयवदन राव म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "साइड नाही. आपण लेकच्या आत आहोत."

मग ते खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात, इंग्रजी आणि हिंदी मिसळून, त्यांनी सगळ्यांना तळ्याच्या जमिनीवरच्या इमारतींचं पुढे नोटिशीपासून बुलडोझरपर्यंत काय काय होऊ शकतं ते सांगितलं. माणूस त्याच खात्यातला होता. तपशिलात कुठेच कमी पडला नाही. सकवारबाईंनाही वाटलं आपणही काही सांगावं. त्या म्हणाल्या, तुमचे नळ बिळ काही गळत नाहीत. पावसाळ्यात केरे आपली जागा बघायला येते.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी घसा खाकरून म्हणालं, की तसं बघितलं तर केर काही एवढा वाईट नसतो. दुसरा म्हणाला, जुना केर म्हणजे खतच की. तिसऱ्याने सांगितलं, त्याच्या सासुरवाडीचा अख्खा बंगला केरावर आहे आणि गुलाब काय येतात. पाच मिनिटांत दोनशे चाळीस फ्लॅटना केराचं असं प्रेम फुटलं, की पंचावन्न हजार घनमीटर कमीच आहे की काय असं वाटावं. सभेच्या इतिवृत्तात 'ओला व सुका केर आढळला, चर्चा झाली' असं लिहायचं ठरलं. एकच अडचण उरली, आणि ती वही हातात धरून मधोमध उभी होती.

लोकांनी मैत्रेयीला समजावायला सुरुवात केली. बेटा, शाळेचाच तर प्रोजेक्ट आहे. केर लिही ना. तुझ्या बाबांनी बावीस स्लाइड केल्यात, किती छान आहेत. सिद्धीच्या आईने सुद्धा त्या स्लाइडची स्तुती केली. मैत्रेयी वही छातीशी धरून मान हलवत राहिली, आणि शेवटी हयवदन राव श्रीरंगकडे वळले. तुमचं ऐकेल ती, ते म्हणाले. तुम्ही सांगा. नाहीतरी हा प्रोजेक्ट म्हणजे तुमचाच.

श्रीरंगचाही फ्लॅट त्याच ए विंगमध्ये होता, चौथ्या मजल्यावर. त्याने तोंड उघडलं. समोर मैत्रेयी होती, फुटक्या गुडघ्याची, आणि तिचे डोळे त्याच्यावर होते. काहीतरी दुरुस्त करायची संधी सोडायला त्याच्या जिभेला किती त्रास झाला असेल, ते त्याचं त्यालाच माहीत.

"मैत्रेयीला विचारा," तो म्हणाला. "मला यातलं काही कळत नाही."

सिद्धी दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं. मैत्रेयीने, तिने ऐकलं, हे पाहिलं. आणि मग पोरीने वहीचं पहिलं पान उघडून शाळेने दिलेला नियम क्रमांक एक वाचून दाखवला, जो श्रीरंगने गेल्या दीड महिन्यात एकदाही वाचला नव्हता, कारण त्याला हातच लावायचा नव्हता. मुलाखत देणाऱ्यांची आणि राहत्या जागेची खरी नावं अहवालात लिहायची नाहीत.

"आपल्या बिल्डिंगचं नाव 'इमारत क' आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून. तुमचं कुणाचंच नाव कुठे नाहीये. पण तळं मी तळंच लिहिणार."

हयवदन राव म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक आहे, आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं. सकवारबाईंनी सगळ्यांना विचारलं, ऊट झालं का. कुणाचंच झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी मैत्रेयीने दार लावून घेऊन अहवाल लिहिला. श्रीरंग दाराबाहेर तीनदा आला आणि तिन्ही वेळा पाणी प्यायला आल्यासारखं करून परत गेला. जेवणाच्या ताटावर तिने पालकांचं प्रतिज्ञापत्र त्याच्यासमोर ठेवलं. 'आम्ही या प्रकल्पाला कोणतीही मदत केलेली नाही.' श्रीरंगने पेन हातात घेतलं आणि थांबला. म्हणाला, मैत्रू, मी तर मुलाखत घेतली होती. खोटी सही कशी करू?

"खोटी नाहीये," मैत्रेयी म्हणाली. "मदत नाही केलीस तू. कर सही."

शाळेत प्रोजेक्ट तपासणाऱ्या सौम्या मिसनी मंगळवारी तोंडी परीक्षा घेतली. सगळा अहवाल वाचून त्या अकराव्या पानावर आल्या. तिथे शीर्षक होतं, 'त्रुटींचे स्रोत'. खाली पहिला मुद्दा, 'बाबा'. त्याखाली नीट लिहिलं होतं, की मुलाखतकर्त्याने मूळ प्रश्नातला 'कचरा' हा शब्द बदलून 'केर' केला. उत्तर देणाऱ्या व्यक्तीने 'होती' म्हटल्यावर ते दुरुस्त करून 'होता' केलं. मुलाखतीच्या वेळी त्याच्या एका कानात दुसरा माणूस बोलत होता. परिणाम म्हणून एक तळं सुमारे आठ तास केर झालं. पुरावा म्हणून रेकॉर्डिंग आणि बावीस स्लाइड जोडल्या होत्या. मिसनी चष्मा काढून डोळे पुसले. मग प्रतिज्ञापत्र काढून त्यावरची सही पाहिली आणि म्हणाल्या, बारा वर्षांत असली प्रतिज्ञापत्रं मी शेकड्यांनी पाहिली, पुराव्यासकट आलेलं हे पहिलंच. मैत्रेयीला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. श्रीरंगने अकराव्या पानाचा फोटो काढून ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवला, कारण काही झालं तरी पोरीच्या प्रोजेक्टमध्ये त्याचं नाव छापून आलं होतं, आणि चूक कशी लिहावी ते तिला किती नेमकं जमलं होतं.

पाचवा प्लंबर बोलावला गेला नाही. गौरीच्या दिवशी सकाळी सकवारबाई सूप घेऊन तरंगिणीच्या गेटवर आल्या. आठ दिवस पाऊस लागून होता आणि बी-टूमध्ये श्रीरंगच्या पार्किंगशेजारी घोटाभर पाणी साचलं होतं. हयवदन रावांनी स्वतः टॉर्च धरला आणि फोटो काढू नका म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगितलं. संध्याने खण आणला होता. मैत्रेयीने सूप धरलं. सकवारबाईंनी त्या पाण्यात हळदकुंकू वाहिलं, बांगड्या सोडल्या, आणि पदर सावरत समाधानाने श्रीरंगकडे पाहिलं.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "केरे भरली."

मैत्रेयीने हळूच बाबांकडे पाहिलं.

"हो अक्का," श्रीरंग म्हणाला. "भरली."